अवऱ्याचे दिवस आणि एक लहान रोल

यंदा अवरेकाई उशिरा आली. डिसेंबर संपत आला तरी बंगळूरच्या आमच्या एचएसआर लेआउटातल्या कोपऱ्यावरच्या हातगाडीत नुसते मटार आणि गाजरं. मी गाडीवाल्याला रोज विचारायची आणि तो रोज आभाळाकडे बोट दाखवायचा. म्हणजे थंडी पडू दे, मग बघू. काल एकदाची गाडी हिरव्या शेंगांनी भरून आली आणि कोथिंबिरीची जुडी आणायला गेलेली मी तीन किलो शेंगा घेऊन घरी आले. घरात माणसं दोन. नवऱ्यानं पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जमिनीवर पेपर पसरला. वीसेक वर्षांच्या संसारात तो एवढं शिकलाय.

पुण्याकडच्या पाहुण्यांना मी अवरे म्हणजे आपला पावटाच, असं सांगून मोकळी होते, पण मनातून मला ते पटत नाही. पावट्याला सोगडु नसतो. थंडीचं दव पडायला लागलं की ह्या शेंगांवर एक चिकट, उग्र, किंचित तेलकट वास चढतो, त्याला कानडीत सोगडु म्हणतात. आम्हीही तेच म्हणतो. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेच्या मागून इकडे आलेलं आमचं घराणं बोलतं मराठी, पण जेवतं कानडी, त्यामुळे खाण्यापिण्याचे बरेच शब्द आम्ही शेजाऱ्यांकडूनच घेतलेत. शेंगा सोलल्या की तो वास बोटांना दोन दिवस सोडत नाही. साबण लावा, लिंबू चोळा, काही उपयोग नाही. काल तिसऱ्या मुठीलाच माझी बोटं चिकट झाली, मी ती नाकाशी नेली, आणि मला आमटीची नव्हे तर फिल्म धुण्याच्या औषधांची आठवण झाली.

ह्याला कारण माझे वडील. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा कंटोन्मेंटातल्या एका स्टुडिओत रिटचर होते. हा धंदा आता उरलेला नाही, म्हणून सांगते. फोटो काढणारा वेगळा आणि काढलेल्या निगेटिव्हवर पेन्सिल चालवून माणसाचा चेहरा साफ करणारा वेगळा. अण्णा हे दुसरे. त्यांच्यापुढे एक उतरतं डेस्क असायचं, त्यात दुधी काच आणि खाली आरसा. आरशातून उजेड वर यायचा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं सुरकुत्या, देवीचे व्रण, डोळ्यांखालची वर्तुळं भरून काढायची. निगेटिव्हमध्ये सगळा कारभार उलटा. चेहऱ्यावरची काळी रेघ तिथे पारदर्शक दिसते, तिच्यावर शिसं चढवलं की छापलेल्या फोटोत ती नाहीशी होते. अर्ध्या गावच्या लग्नाळू मुलींचे डाग आपण घालवले, असं अण्णा सांगायचे, आणि त्यांतल्या कुणी रस्त्यात भेटल्या की आधी त्यांच्या गालांकडे बघायचे. आई त्यांना कोपरानं ढोसायची.

पुढे रंगीत फोटो आले, स्टुडिओ बंद पडला आणि अण्णा पेन्सिली घेऊन मल्लेश्वरमच्या घरी येऊन बसले. पण फिल्म धुणं त्यांनी सोडलं नाही. जिन्याखाली त्यांच्या बाटल्या, मोजपात्रं आणि दोन अस्तन्या असलेली, उजेड आत न शिरणारी काळी पिशवी. वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याचे रोल साठवून ते जानेवारीतच धुवायला काढायचे, कारण औषधाला पाणी वीस अंशांचं लागतं. एप्रिलमध्ये त्यासाठी शेजाऱ्यांकडे बर्फ मागत हिंडावं लागे. जानेवारीत सकाळी आमच्या नळालाच तसं पाणी यायचं. अण्णा थर्मामीटर बुडवायचे, समाधानानं मान हलवायचे आणि देवानं हे गाव फिल्म धुवायलाच केलंय असं म्हणायचे. त्याच दिवसांत ओसरीवर आईच्या शेंगा. न्हाणीघरातून हायपो ह्या औषधाचा आंबट वास आणि ओसरीवरून सोगडु, असे दोन्ही वास मधल्या खोलीत एकत्र होत, आणि तिथे बसून मी अभ्यास करायची. थंडीचा वास असाच असतो, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

आईच्या डाव्या भुवईच्या वर एक खूण होती. भिजलेल्या अवऱ्याच्या दाण्यात नख रुतलं की उमटते तशी, बारीक आणि वाकडी. लहानपणी ती रगड्याच्या कडेवर पडली होती. बाजूनं उजेड आला की त्या खोलगट जागी सावली साचायची, आणि फोटोत तिथे काळी रेघ यायची. म्हणजे यायला हवी होती. आमच्या घरच्या एकाही फोटोत ती नाही. लग्नातल्या फोटोत नाही, माझ्या बारशाच्या फोटोत नाही, देवळापुढच्या फोटोतही नाही. अल्बममधली आई गुळगुळीत आणि स्वयंपाकघरातली आई खुणेची, अशा दोन आया बघत मी वाढले आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. अण्णांना विचारलं तर म्हणायचे, गिऱ्हाइकांचे डाग काढायचे आणि बायकोचा ठेवायचा, हे बरं दिसतं का?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी माघात अण्णांना साठ पूर्ण होत होती आणि त्यांची षष्ट्यब्दी करायचं ठरलं. त्यात नवराबायकोचं पुन्हा एकदा लग्न लागतं. पत्रिकेवर दोघांचा मोठा फोटो छापायचा, ही माझी हौस. मी नुकतीच व्हाइटफील्डच्या एका कंपनीत लागले होते, रोज कंपनीच्या बसमधून अख्खं शहर ओलांडायची आणि जगातलं सगळं आता कॉम्प्युटरवर होतं असं माझं ठाम मत झालं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्रिका छापून देणारं एक दुकान होतं, त्यांनी निगेटिव्ह स्कॅन करायचं यंत्र आणलं होतं. छपाई एकाच रंगात, तेव्हा फोटो कृष्णधवल हे ठरलेलंच, आणि अण्णा तसेही दुसऱ्या कशाला फोटो म्हणत नसत. फिल्म कुठली घ्यायची तेवढं बाकी होतं. मला वाटलं, त्यात काय ठरवायचंय.

त्या दुपारी आई ओसरीवर अवरे दाबत बसली होती. सोललेले दाणे काही तास भिजवायचे, मग एकेक दाणा अंगठा आणि बोटात धरून दाबायचा. आतलं बेळं टुपकन पातेल्यात उडतं आणि साल बोटात राहते. आमच्याकडे ह्या कामाला बघावं लागत नाही. आई फाटकाकडे बघत दाबत होती आणि मी तिच्यासमोर बसून निम्मे दाणे जमिनीवर उडवत होते. फिल्म आणायला आम्ही शनिवारी जाणार हे तिला माहीत होतं.

"पुट्टी, मोठा रोल आणू देऊ नको त्यांना," ती म्हणाली. "लहान आण."

आईला रोलमधलं काय कळतं, असं मला वाटलं. पण रिटचरच्या घरात तीस वर्षं काढलेल्या बाईला नेमकं माहीत होतं. अण्णांच्या जुन्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्याला रुंद रोल लागायचा. त्याची निगेटिव्ह ऐसपैस, तिच्यावर पेन्सिल मजेत चालते. माझ्या मैत्रिणीकडे लहान रोलचा कॅमेरा होता. त्याच्या निगेटिव्हवर चेहरा येतो हरभऱ्याएवढा, त्यावर पेन्सिल टेकवायलाच जागा नाही. शिवाय अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. ते कबूल करत नसत, पण दारातल्या चपलांना मांजर समजून हाकलताना मी त्यांना दोनदा पाहिलं होतं.

खूण फोटोत आली तर तुला चालेल का, मी विचारलं. चालेल काय, मला तीच हवी आहे, ती म्हणाली. मग दाबता दाबताच तिनं सांगितलं. रगड्यावर पडली तेव्हा ती सहा वर्षांची होती. रक्त थांबेना, म्हणून तिच्या आईनं जखमेत कॉफीची पूड भरली आणि वरून तळहात दाबून तिला मांडीवर घेऊन बसली, रक्त थांबेपर्यंत. पुढच्याच वर्षी माझी ही आजी गेली. तिचा एकही फोटो कुणी काढलेला नव्हता.

"तिचा हात कसा होता ते मला एवढ्याच जागी आठवतं," आई म्हणाली. "एक फोटो तरी माझा असू दे."

मला अण्णांचा राग आला. मग आईचाही आला. हे तिनं त्यांना कधीच का सांगितलं नाही? त्यांनी विचारलं कुठे, असं म्हणून तिनं पुढचा दाणा दाबला. आमच्या घरात कुणी कुणाला छळलं नाही, मोठ्यानं बोललंही नाही. फक्त विचारायचं राहून जायचं.

शनिवारी आम्ही सिटी मार्केटजवळच्या फोटोच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार अण्णांना 'रायरे' म्हणायचा आणि त्यांना पाहून उठून उभा राहायचा, ह्याचा मला त्या वयात फार अभिमान होता. त्यानं काउंटरवर तीन डब्या मांडल्या. एक नवीन निघालेली. कृष्णधवलच, पण रंगीत फिल्म धुणाऱ्या यंत्रात धुतली जाते आणि स्कॅनला फार छान, असं त्याचं म्हणणं. अण्णांनी ती बोटानं बाजूला सारली. काळ्या-पांढऱ्याला रंगाच्या पाण्यात कशाला घालायचं, असा त्यांचा सवाल होता. दुसरी लहान रोलची, नेहमीची. तिसरी रुंद रोलची, आणि अण्णांचा हात सरळ तिच्यावर गेला.

लहान घेऊ या, मी म्हटलं. मैत्रिणीचा कॅमेरा आणते.

"लहानावर काम होत नाही," अण्णा म्हणाले.

"काम करायचंच नाही, अण्णा. आईला तिची खूण हवी आहे."

आणि मग मी तिथेच, काउंटरला टेकून, सगळं सांगून टाकलं. कॉफीची पूड, आजीचा तळहात, सगळं. खरं तर घरी सांगायला हवं होतं. पण घरी आमच्यापैकी कुणी कुणाला काही सांगत नसे, हाच तर घोळ होता. दुकानदार पाठ करून फळीवरच्या डब्या पुसायला लागला. बंगळूरच्या मार्केटात मराठी कळत नाही असा माणूस शोधावा लागतो.

अण्णांचा हात त्या रुंद डबीवरच होता. "मला कधी बोलली नाही," ते म्हणाले. मग त्यांनी हात उचलला आणि दुकानदाराला होकार दिला. "सरी. लहानच दे."

बसमध्ये त्यांनी ती डबी खिशात घातली नाही. मल्लेश्वरम येईपर्यंत मुठीत धरून बसले होते.

फोटो मी काढला, सकाळी ओसरीवर. आईनं निळी इरकल नेसली होती आणि अण्णांनी बंद गळ्याचा कोट घातला होता. मी कॅमेऱ्याशी खटपट करत असताना अण्णा उठले आणि त्यांनी आईची खुर्ची फिरवली. स्वल्प इकडे, अजून स्वल्प, असं करत. मला वाटलं स्टुडिओतली जुनी सवय. कॅमेऱ्यातून पाहिल्यावर कळलं. त्यांनी तिला अशी बसवली होती की ऊन बाजूनं यावं आणि भुवईवरच्या खुणेत सावली पडावी. आईच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्या रोलमधल्या पहिल्या सगळ्या फोटोंत ती कॅमेऱ्याकडे न बघता अण्णांकडे बघतेय.

रोल त्याच दिवशी धुतला. काळ्या पिशवीच्या अस्तन्यांत दोन्ही हात घालून अण्णा आत फिल्म गुंडाळत होते आणि डोळे मिटून बसले होते. पिशवीत डोळ्यांचं कामच नाही, सगळं बोटांनी. जिन्यासमोर आई तशीच न बघता अवरे दाबत होती. मी दोघांच्या मध्ये उभी होते, डोळे ठणठणीत असून काही उपयोगाची नव्हते, आणि फार सुखात होते. फिल्म वाळल्यावर अण्णांनी ती खिडकीशी धरली, भिंग लावलं आणि पुढेमागे करत राहिले.

"आली का?" आईनं आतून विचारलं.

"आली."

एवढंच. पण त्या दिवशी आमटीत तुपाची धार नेहमीपेक्षा मोठी होती.

आपण निवडलेली फिल्म, आपण धुतलेली फिल्म, आता भीती कसली, असं समजून मी निगेटिव्ह पत्रिकेच्या दुकानात दिली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी दीडशे पत्रिकांचा गठ्ठा घरी आला आणि दुकान सणासाठी बंद झालं. फोटो पोस्टकार्डाएवढा, टवटवीत. मी पहिली पत्रिका आईच्या हातात दिली. तिनं चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिलं, छान आलाय म्हणाली, आणि तीळगुळाचं बघते असं सांगून आत गेली. मी खूश.

अण्णांनी पत्रिका उजेडात नेली, भिंग लावलं, आणि लगेच म्हणाले, "खूण कुठे आहे?"

मी पाहिलं. भुवईच्या वर नितळ, स्वच्छ कपाळ. सणानंतर दुकानातल्या मंजुनाथला विचारलं तेव्हा त्यानं अभिमानानं सांगितलं, की निगेटिव्हवर एक ओरखडा होता, तो त्यानं स्क्रीनवर मोठा करून अगदी माग न ठेवता घालवला. बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. अण्णांनी आयुष्यभर जे केलं तेच त्यानं केलं होतं, फक्त पेन्सिलीशिवाय. पण त्या दिवशी मला हे काही सुचलं नाही. आईनं पहिल्या नजरेतच ओळखलं आणि नेहमीसारखी ते मनातच ठेवून आत गेली, एवढंच मला कळलं, आणि मी रडायला लागले. परत छापून घेऊ म्हटलं तर दुकान चार दिवस बंद, आणि पत्रिका तर संक्रांतीला तीळगुळाबरोबरच नेऊन द्यायच्या होत्या.

अण्णांनी भिंग खाली ठेवलं. जिन्याखालून पेन्सिलींची डबी आणि काचकागद घेऊन आले. ओसरीच्या उन्हात पाट मांडला, त्यावर गठ्ठा ठेवला आणि एका पेन्सिलीला टोक काढत बसले. घासायचं, फुंकर मारायची, अंगठ्यावर बघायचं, पुन्हा घासायचं. तीस वर्षं ज्या हातानं ती रेघ बुजवली त्याच हातानं त्यांनी पहिल्या पत्रिकेवर ती काढली. एकदाच टेकवली पेन्सिल, किंचित वाकवली, उचलली.

आई दारात येऊन उभी राहिली. तुम्हाला दिसतं तरी का, असं तिनं विचारलं.

"दिसायला कशाला हवं," अण्णा मान वर न करता म्हणाले. "मी नेहमी तिथूनच सुरुवात करायचो."

आईनं ती पत्रिका उचलली, बघितली, आणि खूण जरा तिरकी झाली, कल दुसऱ्या बाजूला हवा, असं म्हणाली. तू आरशात बघतेस, तुला उलटी दिसते, अण्णा म्हणाले. मी सरळ बघत आलोय. तिनं अवऱ्याचं पातेलं बाहेर आणलं आणि त्यांच्या शेजारी बसली. दुपारपर्यंत एकीकडे बेळं पातेल्यात पडत होतं आणि दुसरीकडे पत्रिका एकेक करून उजवीकडच्या गठ्ठ्यावर जात होत्या. मी पाकिटांवर नावं घालत होते. मध्येच अण्णा थांबले आणि त्यांनी विचारलं, तुझ्या आईचं नाव काय होतं? आईनं सांगितलं. मग तिचं माहेर कुठलं, कॉफी कुठून आणायची, अशी चौकशी चालू झाली आणि आई सांगत गेली. मीही त्यातलं कितीतरी पहिल्यांदाच ऐकलं.

समारंभ छान झाला. आमच्या एका चुलत काकांनी येऊन तक्रार केली, की वहिनींच्या कपाळावर कुणीतरी पेन्सिल लावली होती, ती आपण रबरानं साफ केली. अण्णांनी त्यांना दुसरी पत्रिका दिली. उन्हाळ्यात त्यांनी मोतीबिंदूही काढून घेतला, आणि पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा आईकडे पाहून म्हणाले, बरोबर काढली होती की मी. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आई मल्लेश्वरमला माझ्या भावाकडे असते. अजून न बघता अवरे दाबते आणि मी नेलेल्या बेळ्यात सालं राहिलीत म्हणून नावं ठेवते.

त्या दीडशेतली एक पत्रिका माझ्याकडे आहे. काल बोटं तशीच चिकट असताना मी कपाटातून ती काढली आणि बाल्कनीत नेली. छपाई आता विटलीय; अण्णांचा कोट आणि आईची इरकल एकाच करड्या रंगाची झालीत. शाई उन्हात धरली तरी मंदच राहते. शिशाचं तसं नाही. पत्रिका जराशी कलती केली की आईच्या डाव्या भुवईच्या वर तेवढी एक बारीक रेघ चकाकते.